खाडीपल्याडचा संघ

पनवेल, १२ नोव्हेंबर १९५०

चि. राफेल यास,
हेप्झिबाताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी शिकवते त्या शाळेच्या पत्त्यावर पोचलं. घरच्या पत्त्यावर पाठवू नकोस, हे पुन्हा सांगते. बाबा अजून तुझं नाव घेत नाहीत. मुंबईच्या गोदीत तू संपात उभा राहिलास आणि शेठने बाबांना समोर बसवून विचारलं, "दिवाणजी, हा तुमचाच मुलगा ना?" ते त्यांच्या मनातून गेलेलं नाही. तू बोटीवर चढलास आणि अमेरिकेत उतरून राहिलास. बाबांच्या लेखी तू वाटेतच समुद्रात पडलास.

शिवा तुझी फार आठवण काढतो. तुझ्या बाकावर बसणारा कामोठ्याचा शिवा आता शेठच्या मिठागरातल्या मजुरांचा संघ बांधतो आहे. ज्या मिठागराचे दिवाणजी आपले बाबा, त्याच मिठागरात. रविवारी तो माणसं घेऊन शाळेच्या ओट्यावर येतो आणि मी तुझं पत्र मोठ्यानं वाचते. तू राहतोस त्या सव्हानाच्या बंदरात गोऱ्यांची युनियन वेगळी आणि काळ्यांची वेगळी, जहाज मात्र एकच, हे ऐकून सगळे हसले. गोऱ्यांनी तुला दारातून परत पाठवलं आणि काळ्यांनी बसायला खुर्ची दिली, हे वाचलं तेव्हा कुणी हसलं नाही.

तुमच्या गावच्या बागेत लढाई हरलेल्या शिपायाचा पुतळा आहे म्हणतोस. शिवाला ते पटेना.

"हरलेल्याचा पुतला कोन उभा करतं, बाई?"

"आपण हरलो असं ज्याला अजून वाटत नाही, तो," मी म्हटलं.

मग अमेरिकेतली ती दक्षिणेकडची राज्यं का फुटली, ते तू लिहिलंस तसं सांगितलं. आपल्या मर्जीनं आलो, आपल्या मर्जीनं निघतो, असं ती म्हणाली. पण निघताना जे जपायचं होतं, ते म्हणजे विकत घेतलेली माणसं. लढाई झाली, माणसं सुटली, आणि जमीन नसल्यामुळे पुन्हा त्याच मालकाच्या शेतात राबायला गेली. शिवानं बांधाकडे हात केला. मग म्हणाला, "आपल्याकं कातकरी हायेत की."

तू थंडीत जपून राहा.

तुझी ताई


पनवेल, १८ फेब्रुवारी १९५१

चि. राफेल यास आशीर्वाद.

आज बंदराच्या मैदानात संघाची सभा होती. मी शाळेच्या बायकांबरोबर कडेला उभी होते. बाबांना मी बाजारात गेले असं सांगितलं होतं.

शिवानं दोन गोष्टी मांडल्या. कातकऱ्यांना संघात घ्यायचं, आणि मिठाची पाटी कुणाच्याही डोक्यावर असो, दर सारखा मागायचा. आगरी माणूस मीठ पिकवतो, कातकरी ते राशीपासून मचव्यापर्यंत वाहतो, आणि आजवर त्याला निम्माच दर मिळतो. हे तुला ठाऊक आहे. आपल्या लहानपणी ते कुणाला खटकत नव्हतं. मलाही नाही.

जगन उठला. शिवाच्या बायकोचा, भामाचा सख्खा भाऊ. खाडीपलीकडच्या गावांत याच जगननं होडी वल्हवत जाऊन माणूस न् माणूस गोळा केला होता. त्याच्याशिवाय हा संघ झालाच नसता.

"त्यांची झोपरी शेठच्या जमिनीवं," तो म्हणाला. "शेठ डोलं वटारील तं ते कामावं जातील, आन् आमी उपाशी मरू. ज्यांच्या हातचा पानी आमी पीत नाय, त्यांच्या हाती आमचा संप द्याचा?"

तेव्हा मालू उभी राहिली. ती कातकरवाडीतली, काशिरामची बायको. अंगानं एवढीशी. ती म्हणाली, "पानी नको पिऊ. पन पाटी माज्या डोक्यावं हलकी व्हते का, तेवढा सांग."

जगन तिच्याशी बोललाच नाही. शिवाकडे वळून म्हणाला, "तुज्याच दोस्तानं लिवलाय ना, तिकडची राज्यं फुटली? मंग आमी पन फुटतो. आमच्या मर्जीनं आलो, आमच्या मर्जीनं जातो."

आणि ते गेले. भांडण नाही, शिवीगाळ नाही. खाडीपलीकडची सगळी माणसं उठून होड्यांत बसली. भामा चिखलात उतरून गुडघाभर पाण्यापर्यंत भावाच्या मागे गेली. त्यानं तिला परत जा अशी खूण केली आणि वल्हं मारलं.

तू लिहिलेलं प्रत्येकानं आपापल्या सोयीनं ऐकलं रे.

ताई


पनवेल, २२ एप्रिल १९५१

चि. राफेल,

संप सुरू झाला आहे. मीठ राशींत पडून आहे. पावसाआधी ते मचव्यांत भरून मुंबईला गेलं नाही तर विरघळून खाडीला मिळेल. शिवाचं सगळं बळ एवढंच.

आणि जगनची माणसं कामावर आहेत. "खाडीपल्याड मिठागर कामगार संघ" असा बोर्ड बंदरावर लागला आहे. सुरेख अक्षर. ते अक्षर मी ओळखलं. जेवताना बाबांना विचारलं.

"त्यांचा संघ मी फोडला नाही, हेप्झिबा," ते म्हणाले. "तो फुटलेलाच होता. मी फक्त बोर्ड रंगवून दिला."

"शेठने सांगितलं म्हणून?"

"मग कुणाच्या सांगण्यावरून करणार?" त्यांनी भाकरी ताटात ठेवली. "या गावात आपण मूठभर इस्राएल, शनिवार पाळणारे यहुदी. कुणाशी भांडण नाही, कारण शेठचा हात आपल्या डोक्यावर आहे. आई गेल्यावर तुम्हा दोघांना मी कशावर वाढवलं? एकानं मला खाली बघायला लावलं. आता तू लावू नकोस."

त्यांच्या हातावर मिठानं पडलेल्या भेगा आहेत. दिवाणजी असूनही रास तपासताना हात घालून बघतात. रात्री खोबरेल लावतात. तुला हे लिहावंसं वाटलं.

एक गोष्ट मात्र जगनच्या म्हणण्याच्या उलट झाली. कातकरी हललेले नाहीत. शेठचा माणूस वाडीत जाऊन झोपड्या मोडायची धमकी देऊन आला. ती माणसं खेकडे आणि कंदमुळं खाऊन बांधावर बसून आहेत. काशिराम राशीची राखण करतो. शिवा म्हणतो, संप त्यांनीच धरून ठेवला आहे.

ताई


पनवेल, ९ मे १९५१

चि. राफेल,

थोडक्यात लिहिते. रविवारी, अमावास्येच्या दुपारच्या भरतीला, मिठागराची मोठी उघाडी, खाडीचं पाणी अडवणारं बांधातलं फळ्यांचं दार, उघडली गेली. खाडीचं पाणी आगरात शिरलं, राशी वाहून गेल्या, कातकरवाडी पाण्यात गेली. माणसं सभेला होती म्हणून वाचली. काशिराम फळ्या खाली पाडून उघाडी बंद करायला धावला. फळ्यांबरोबर तो ओढला गेला. ओहोटीला चिखलात सापडला.

पोलिसांनी शिवाला धरलं आहे. मालकाचं नुकसान करायला त्यानंच उघाडी उघडली, असं म्हणतात. माणूस मेला, म्हणून खटला अलिबागला चालेल.

मालू बांधावरून हलत नाही. भामा तिच्याजवळ बसून असते.

बाबांची तब्येत बरी आहे. जेवण कमी झालं आहे, उन्हामुळे असेल.

ताई


पनवेल, १७ जून १९५१

राफेल,

तू विचारलंस, म्हणून लिहिते. न विचारतास तर कदाचित आणखी काही दिवस लिहिलं नसतं.

अमावास्येच्या आदल्या दिवशी शनिवार, आपला शब्बाथ होता. शब्बाथला बाबा कामाचा शब्द काढत नाहीत, हे तुला माहीत आहे. त्या दिवशी जगन आला आणि बाबा उठून त्याच्याबरोबर पडवीत गेले. मी आतल्या खोलीत खिडकीपाशी होते.

जगन विचारत होता, "उघारी कवरी उचलाची?"

बाबा म्हणाले, "थोडीच, राशींना पाणी लागता कामा नये. गुडघाभर पाणी वाडीत आलं की पळतील. पुन्हा तिथे येणार नाहीत. सभा चालू असताना कर, म्हणजे मागे कुणी नसेल. माणूस मरता कामा नये, जगन. माणूस मरता कामा नये."

दोनदा म्हणाले. मी ऐकलं. पण उघाडी म्हणजे कुठली आणि वाडी म्हणजे कुणाची, हे माझ्या ध्यानात आलं ते दुसऱ्या दिवशी बंदरावर आरडाओरडा झाला तेव्हा.

आता बाबा शब्बाथच्या प्रार्थनेला आपल्या इस्राएलांच्या मशिदीत जात नाहीत. पाय दुखतो म्हणतात. पोलिसांना त्यांनी जबाब दिला की शिवाला उघाडीजवळ पाहिलं. जबाब देऊन आले, हात धुतले आणि जेवायला बसले. ताटातला भात तसाच राहिला.

शिवाच्या वकिलानं मला विचारलं की दिवाणजींच्या घरी काही बोलणं झालं होतं का. मी म्हटलं, विचार करून सांगते. राफेल, तू युनियनचा माणूस आहेस. मला सांग मी काय करू.

ताई


पनवेल, २० जानेवारी १९५२

राफेल,

तुझं पत्र मला वेळेवर मिळालं होतं. मी ते कित्येकदा वाचलं. "शिवाला दुसरा साक्षीदार मिळेल, बाबांना दुसरी मुलगी मिळणार नाही," असं तू लिहिलंस. पुढे लिहिलंस, "बापाविरुद्ध उभ्या राहणाऱ्या बहिणीला मी ओळखणार नाही."

दुसरा साक्षीदार नव्हता. शिवा सभेत होता असं सांगणारे सगळे त्याच्याच संघाचे, त्यांचं कुणी खरं धरत नव्हतं. असता तर मी गप्प बसले असते. हे मी खरं लिहिते, स्वतःला मोठं करून सांगत नाही. जगनबरोबर उघाडीवर गेलेले दोघे मुंबईला पळाले. शिवाला जन्मठेप होईल असं वकील म्हणत होता.

अलिबागच्या कोर्टात मी उभी राहिले. बाबा समोर बाकावर बसले होते, काळी टोपी, धुतलेला कोट. सरकारी वकिलानं विचारलं, "वडिलांशी तुमचं वैर आहे?"

"नाही."

"ते तुम्हाला त्रास देतात?"

"नाही. त्यांनी मला शिकवलं, नोकरी करू दिली."

"मग त्यांच्याविरुद्ध का बोलता?"

"मी त्यांच्याविरुद्ध बोलत नाही. जे ऐकलं ते सांगते. माणूस मरता कामा नये असंही ते म्हणाले होते. तेही लिहून घ्या."

बाबांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली आणि तिच्याकडे बघत राहिले. शेवटपर्यंत वर बघितलं नाही.

मी सांगितल्यावर जगनला उभं केलं. तो मोडला. हो म्हणाला. पण दिवाणजींचं नाव त्यानं घेतलं नाही. का, ते मला अजून कळलेलं नाही. शिवा सुटला. जगनला तुरुंगवास झाला. नुसत्या माझ्या ऐकण्यावर बाबांवर काही सिद्ध होईना, त्यामुळे ते मोकळे राहिले. शेठने त्यांना त्याच आठवड्यात कामावरून काढलं. कोर्टात नाव निघालेला दिवाणजी त्याला नको होता.

परतीच्या एस.टी.त आम्ही दोघंच ओळखीचे होतो. ते पुढे बसले, मी मागे. पेणला गाडी थांबली तेव्हा त्यांनी खिडकीतून पाणी घेतलं आणि भांडं अर्धं ठेवून मागे दिलं. कंडक्टरनं ते माझ्या हातात दिलं. मी प्याले. तेव्हा मला वाटलं, होईल सगळं ठीक.

घरी आल्यावर म्हणाले, "तुझं सामान तू ने. मी काही बाहेर टाकणार नाही."

आता मी शाळेमागे एका खोलीत राहते. भामा भाजी पाठवते. तिचा नवरा सुटला आणि भाऊ आत गेला, दोन्ही माझ्या एका बोलण्यानं. ती माझ्याशी नीट बोलते. कधीकधी बोलता बोलता थांबते.

ताई


पनवेल, ६ डिसेंबर १९५३

राफेल,

तू उत्तर देत नाहीस. तरी घरातली बातमी तुला कळली पाहिजे.

बाबा इस्रायलला गेले. मावशीची रोझी आणि तिचा नवरा निघाले, त्यांच्याबरोबर. आपल्या लोकांची बरीच घरं या वर्षी निघाली. मी एस.टी. स्टँडवर गेले. बाबा सगळ्यांचा निरोप घेत होते. माझ्यापाशी आले तेव्हा ड्रायव्हरकडे बघत म्हणाले, "शुक्रवारी शब्बाथचा दिवा लावत जा." एवढंच. गाडी कोपऱ्यावर वळली, तेव्हा रोझीनं खिडकीतून हात हलवला.

इथलं सांगते. शेठने त्या संपात कातकऱ्यांचा दर वाढवला नाही, आगऱ्यांचाही नाही. दुसऱ्या हंगामात त्यानं खाडीपल्याडच्या संघाचाच दर उतरवला. ते तक्रार घेऊन गेले, तर म्हणाला, मालक फुटलेल्यांशी बोलत नाही. त्यांचा बोर्ड अजून बंदरावर आहे. कुणी काढत नाही, कुणी रंगवत नाही.

कातकरवाडी आता करंजाड्याच्या वाटेवर टेकाडाला आहे. पाणी लांबून आणावं लागतं.

ताई


पनवेल, २७ फेब्रुवारी १९५५

राफेल,

जगन सुटून आला. केस पांढरे झाले आहेत. हंगामाच्या सुरुवातीला त्याच्या गावची माणसं घेऊन तो संघाच्या सभेत आला आणि दूर, उन्हात उभा राहिला. शिवा त्याला आत बोलवेना आणि जा असंही म्हणेना. शेवटी जगनच माझ्याकडे आला.

"बाई, तुमच्या भावानं लिवलता, फुटलेली राज्यं परत आली. ती कशी घेतली?"

"लढाईत हरवून."

"आमी हरलोच हाव. मंग काय केला?"

मी त्याला खरं ते सांगितलं. त्यांना परत घेतलं, पुढे त्यांच्या हाती त्यांचा कारभारही दिला. पण ज्या माणसांवरून लढाई झाली होती, त्यांना घ्यायचं का म्हणून कुणी विचारलं नाही. म्हणून तुझ्या गावात अजून पुतळा उभा आहे आणि युनियनचे हॉल दोन आहेत.

शिवानं हे ऐकलं. तो मालूकडे गेला आणि सगळ्यांसमोर तिला म्हणाला, "तू सांगशील तसा."

मालूनं जगनकडे पाहिलंसुद्धा नाही.

"मी मरंस्तवर याच्या तोंडाकं बघाची नाय," ती म्हणाली. "पन शेठ याला नि मला यकाच फावड्यानं वढतो. हा भायेर रायला तं शेठ याला उद्या परत आमच्यावं सोरंल. आत घ्या त्याला. माज्या बाजूला बसवू नका."

जगन खाली बसला. रडला नाही, हात जोडले नाहीत. नुसता बसला. त्याच्या मागची माणसं एकेक करून आली. भामा भावाला पाणी द्यायला उठली, आणि मालूकडे बघून पुन्हा खाली बसली.

या वर्षी दर सारखा झाला. थोडासाच वाढला, पण सारखा. हे तुला कळवावंसं वाटलं. तू आनंदला असतास. पूर्वीचा तू.

ताई


पनवेल, १९ ऑक्टोबर १९५८

चि. राफेल,

बीरशेबाहून रोझीचं पत्र आलं. बाबा गेले. सणाच्या आधी ताप आला आणि उतरला नाही. तिथेच वाळूच्या जागेत पुरलं आहे. रोझी लिहिते, "राफेलला तूच कळव. घरातली मोठी तू."

तिथे ते एका कारखान्याच्या फाटकावर रखवालदार होते. त्या देशात युनियनच्या कार्डाशिवाय काम मिळत नाही, म्हणून म्हातारपणी बाबांनी कार्ड घेतलं होतं. रोझी म्हणते, सभेला जायचे, मागे बसायचे, एक शब्द बोलायचे नाहीत. एकदा रखवालदारांना वगळून इतरांची पगारवाढ झाली तेव्हा मात्र घरी येऊन खूप चिडले होते.

आणि तिनं आणखी एक लिहिलं आहे. बाबांच्या उशाखाली तुझी पत्रं होती. कोर्टाच्या त्या वर्षापासून तू त्यांना लिहीत होतास आणि ते तुला. दर महिन्याला. मला हे माहीत नव्हतं.

तुम्हा बापलेकांचा अबोला सुटावा म्हणून मी आधी किती वर्षं नवस केले होते. तो सुटला, आणि सुटला तो माझ्यावरून. मी ते पत्र घेऊन शाळेत गेले, वर्ग घेतला, मुलींना वाक्प्रचार दिले आणि परत आले. मग दार लावून घेतलं. मला राग आला नाही. हायसं वाटलं. आणि त्या हायसं वाटण्याचंच फार दुःख झालं. तुला समजेल का, कोण जाणे.

मी माफी मागत नाही. पुन्हा तसा दिवस आला तर पुन्हा तेच बोलेन. बाबांनाही ते ठाऊक होतं असं मला वाटतं. तू मला लिहावंस असंही मागत नाही.

मागणं एकच आहे. कद्दीश, गेलेल्या बापासाठीची प्रार्थना, मुलानं म्हणायचा असतो. मी म्हणून चालत नाही, आणि त्याला लागणारे दहा पुरुष इथे आपल्या मशिदीत आता जमत नाहीत. गेल्या शनिवारी सहा होते. तुमच्या गावात इस्राएलांची जुनी मशीद आहे, असं तू फार पूर्वी लिहिलं होतंस. मोठी आहे, गोऱ्यांची आहे, मी काही तिथे जात नाही, असं. आता जा. कोट घाल, टोपी घाल. तुझा रंग बघून दारात कुणी अडवलं तर भांडू नकोस, आणि परतही फिरू नकोस. बाबांचं नाव झकेरिया आहे, ते वारले आहेत, आणि त्यांना तूच एक मुलगा आहेस, एवढं त्यांना सांग.

तुझी ताई
हेप्झिबा